पत्त्यावर सापडत नाही

माणूस पळून जाऊ नये, एवढ्या एका काळजीवर न्यायाची इमारत उभी आहे. तो दोषी आहे की नाही हे सावकाश ठरवता येतं. पळाला तर मात्र पंचाईत होते. म्हणून आधी कोंडायचं आणि मग विचार करायला बसायचं, ही पद्धत सर्वांच्या सोयीची आहे. (सर्वांच्या म्हणजे जे बाहेर आहेत त्यांच्या.)

या पद्धतीतली पायपीट समन्स हवालदाराच्या वाट्याला आली होती. कोर्टाचे कागद लोकांच्या दारी पोचवायचे आणि आरोपींचे पत्ते खरे आहेत का ते पाहून यायचं, हे त्याचं काम. किल्लीवाल्याचं प्रकरण त्याच्याकडे पाच वर्षं होतं.

किल्लीवाला फुटपाथवर छत्री लावून बसायचा. एका दुपारी सभ्य दिसणाऱ्या एका माणसाने त्याला बोलावलं. घराची किल्ली हरवली म्हणाला. याने कुलूप उघडून दिलं, मजुरी घेतली आणि परत छत्रीखाली येऊन बसला. घर त्या माणसाचं नव्हतं. तो सामानासकट गेला तो गेलाच. किल्लीवाला मात्र जागेवर सापडला, म्हणून त्याला पकडण्यात आलं. (जो सापडतो त्याला पकडणं तपासाला फार सोयीचं पडतं.)

या गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. तो आत जाऊन पाच झाली. वरची दोन कशाबद्दल, हा प्रश्न उद्धटपणाचा असल्याने कोणी विचारला नाही. एकूण तारखा एकसष्ट. पैकी बावीस वेळा कैद्यांची गाडी बंद होती, चौदा वेळा न्यायाधीश रजेवर होते, नऊ वेळा न्यायाधीश होते पण फाइल कुठेतरी गेली होती, आणि सोळा वेळा साक्षीदार सापडला नाही.

साक्षीदार एकच. चोरी झालेल्या घरासमोर, तिसऱ्या मजल्यावर राहणारे एक सद्गृहस्थ. त्यांनी दाराच्या फटीतून सगळं पाहिलं होतं. "घर माझंच आहे असं तो दुसरा सांगत होता. किल्लीवाल्याला काय माहीत?" एवढं ते पहिल्या दिवशी पोलिसांना बोलून गेले, आणि मग भानावर आले. तेव्हापासून ते दार उघडत नाहीत. माणूस सज्जन, शिकलेला. अन्यायाविषयी वाचायची मनापासून आवड.

बासष्टाव्या तारखेला जामिनाचा अर्ज निघाला. किल्लीवाल्याची बहीण इस्त्रीचं दुकान बंद ठेवून कोर्टाच्या बाकावर येऊन बसली होती.

"हवालदारदादा, पत्त्याचा अहवाल नीट लिहिलात ना?"

"ताई, एवढं चांगलं मी माझ्या जावयाबद्दलसुद्धा लिहिणार नाही."

खरंच लिहिलं होतं. 'आरोपी पाच वर्षं सलग एकाच पत्त्यावर राहत असून जेव्हा जावं तेव्हा सापडतो. शेजाऱ्यांचं त्याच्याविषयी मत चांगलं आहे.'

सरकारी वकिलांनी तो कागद आनंदाने वाचून दाखवला. आरोपीचा कायमचा पत्ता तुरुंग आहे हे सरकारी अहवालानेच सिद्ध होतं. जामीन दिला तर तो हा पत्ता सोडून जाईल. पत्ता सोडून जाणं म्हणजेच पळून जाणं. शिवाय तो साक्षीदारावर दबाव आणेल. (साक्षीदार कुठे आहे हे पोलिसांना पाच वर्षांत कळलं नव्हतं, किल्लीवाल्याला ते संध्याकाळपर्यंत कळेल, अशी त्यांची खात्री होती.)

न्यायाधीश कनवाळू होते. म्हणाले, साक्षीदाराने शुक्रवारपर्यंत येऊन दोन वाक्यं बोलावीत, त्याच दिवशी जामीन देतो. नाहीतर पुढची तारीख सात महिन्यांनी.

बाहेर आल्यावर बहीण म्हणाली, "दादा, पुढच्या वेळी त्याला चार शिव्या घालून लिहा. कदाचित सुटेल."

हवालदाराला हसू आलं नाही. तो तडक निघाला, गुडघे धरत तीन मजले चढला. दाराबाहेर चपला होत्या. आत पंखा फिरत होता. त्याने बेल वाजवली.

"साहेब, कोर्टातून आलोय. दोन वाक्यांचं काम आहे."

पंखा बंद झाला.

"पाच वर्षं आत आहे हो माणूस. आज उघडा."

दाराआड पान उलटल्याचा आवाज आला. कोणीतरी काहीतरी वाचत बसलं होतं. एखाद्या किल्लीवाल्यावर झालेल्या अन्यायाबद्दल असेल, मधूनच हळहळल्यासारखा उसासाही ऐकू आला.

हवालदाराने पिशवीतून शिक्का काढला. 'पत्त्यावर सापडत नाही' हे शब्द इतक्यांदा लिहावे लागतात की खात्याने त्यांचा शिक्काच करून दिला आहे. कागद भिंतीला टेकवून त्याने आणखी एकदा, शेवटची, बेल दाबली.

ती तुमच्याच दाराची वाजतेय. उठताय का? नको, बसा. एकच ओळ उरलीय. ती वाचून होईपर्यंत तो जिना उतरलेला असेल.