बाबांचा गळका नळ

"बाबा, या आठवड्यात हा नळ दुरुस्त करून घेणार म्हणजे घेणार!" मागच्या दारात उभी राहून मी घोषणा केली.

बाबा भिंतीच्या सावलीत, ओल्या कोपऱ्यात उकिडवे बसले होते. पुढ्यात लाडकं रोप. थंडीत ते पार नाहीसं व्हायचं आणि मुळातून पुन्हा फुटायचं. फूल मात्र अजून एकदाही आलं नव्हतं.

"गळू दे गं. यंदा तुरा येणार बघ. तुझ्या डोक्याच्याही वर!"

"तुमचं आपलं काहीतरीच!" म्हणून मी कामावर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

पुढे लोक भेटायला यायचे थांबले, घर शांत झालं आणि ती टपटप असह्य झाली. मी प्लंबर बोलावला. नळ ठणठणीत! आणि आठवड्याभरात रोपाने मान टाकली.

मी घाबरले. यंदाचा तुरा बाबांनी कबूल केला होता! बादलीभर पाणी ओतलं, तर ते उतारावरून थेट मागच्या दाराशी काढलेल्या, भेटायला आलेल्या शेजारच्या काकूंच्या चपलांत. ते अडवायला वाकले तेव्हा दिसलं: नळाखालून रोपाच्या मुळापर्यंत बोटभर रुंदीची चारी, कौलाचे तुकडे लावून नीट बांधलेली.

प्लंबरला पुन्हा फोन. "नळ गळका करून द्या."

"मी दुरुस्त केलेला? ताई, बऱ्या आहात ना?"

आला बिचारा. पाना फिरवला आणि नळच त्याच्या हातात आला! कारंजं भिंतीपलीकडे.

"अगं बाई, माझे वाळलेले कपडे!" काकू ओरडल्या.

"दाबून धरा, ताई!"

"धरलंय! माझ्याच तोंडावर उडतंय!"

शेवटी नळ बसला. मग प्लंबर सतार लावावी तसा थेंब जुळवत बसला. निथळत्या काकू भिंतीवरून सूचना देत होत्या. "अजून सावकाश! तुझ्या बाबांचा याहून हळू गळायचा. हां, हाच!"

रोपाने मान उचलली. पावसाळा सरता सरता पांढरा तुरा आला. बघायला मला मान वर करावी लागली.

जे बाबांना आयुष्यात कधी ऐकवलं नव्हतं, ते मी हळूच म्हणाले.

"काय गं?" भिंतीपलीकडून काकू. "मोठ्याने बोल, नळ वाजतोय!"

मग काय! सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडावं लागलं, "बाबा, तुमचं बरोबर होतं!"