नानांची तक्रार अजून चालू आहे

शेजारचे नाना आमच्याकडे येताना बेल वाजवत नाहीत. फाटकात उभे राहून घोषणा करतात.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. नाना, चहामार्गे, पेपर वाचायला येत आहेत."

आई आतून ओरडते, "या नाना, फलाट रिकामाच आहे."

नाना धुळ्याच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन जळगावात आमच्या कॉलनीत आले, पण त्यांचा माइक काही सुटला नाही. घरात एकटेच असतात. काकू गेल्या, मुलगी रोहिणीताई बंगळूरला. मी फारशी बोलत नाही, म्हणून मी त्यांना आवडते. "हिला गर्दीत उभं राहता येतं," असं ते माझं कौतुक करतात. ते कौतुकच आहे, असं मी धरून चालते.

बाकी लोक अक्षय्य तृतीयेला सोनं घेतात. आमच्याकडे ती आखाजी, लेकींनी माहेरी यायचा सण. नाना अंगणातल्या निंबाला दरवर्षी झोका बांधतात. रोहिणीताईला दरवर्षी सुटी नसते. मग ते मला हाक मारतात. "बस. गाडी रिकामी सोडायची नसते." एवढी मोठी मी, ओढणी सावरत झोक्यावर बसते आणि कॉलनीतलं कोणी बघत नाही ना, ते बघते.

या वर्षी त्यांनी स्वतः सणाच्या गोड सांजोऱ्या तळल्या आणि कुरिअरने रोहिणीताईला पाठवल्या. दुकानातला माणूस म्हणाला, "नाना, आखाजीच्या आत पोचतील." पार्सल धुळ्याला गेलं आणि तिथेच बसलं. मी मोबाइलवर बघायचे, नाना अहिराणीत विचारायचे, "कुठे शे?"

"धुळे."

दुसऱ्या दिवशीही धुळे.

"माझ्याच गावात माझीच गाडी अडकली!" नाना कपाळाला हात लावायचे.

आखाजी होऊन गेल्यावर डबा बंगळूरला पोचला. रोहिणीताईने व्हिडिओ कॉलवर उघडून दाखवला. आत सांजोऱ्या नव्हत्या, नुसता चुरा होता. "तक्रार करा नाना," ती चिडून म्हणाली. "सोडू नका त्यांना."

मी इंग्लिश मीडियमची, त्यामुळे तक्रार माझ्याकडे आली.

"नाना, नेमकं काय मागायचं?"

"पैसे परत. कोनी सांगितलं होतं, आखाजीच्या आत म्हणून? त्यांनीच ना? आखाजी काय कोनासाठी थांबस का?"

मी तसं लिहिलं. संध्याकाळी ते फाटकात आले, घोषणा न करताच. "खोड ते. गाडी उशिरा आली म्हणून मी जन्मात कोणाला तिकिटाचे पैसे परत दिले नाहीत. पोचवलं ना शेवटी? मग?"

मी खोडलं. सकाळी ते पुन्हा हजर. "पण मी कधी शब्द दिला नव्हता. येईल तेव्हा येईल, असंच सांगायचो. शब्द दिला की पैसे द्यायचे. लिही."

मी पुन्हा लिहिलं. मला सकाळचे नानाही पटायचे आणि संध्याकाळचेही. शेवटचे आले ते सकाळचे नाना, म्हणून तक्रार गेली.

त्यानंतर तक्रारीचं काय झालं ते विचारायला रोहिणीताईचा रोज फोन यायला लागला. आधी रविवारी यायचा. भिंतीपलीकडून मला तो पाठ झाला होता. "जेवलीस का? हां. मी पण." संपला. आता मात्र नाना कंपनीतल्या बाईची नक्कल करायचे, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," आणि वर शेरा मारायचे, "आवाज चांगला शे तिचा, पण गाडी कुठे ते सांगत नाही!" तिकडे ती इतकी हसायची की मला आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

मग कंपनीचं उत्तर आलं. मी धावतच गेले. नाना झोक्यावर बसले होते. आखाजी जाऊन किती दिवस झाले, तरी त्यांनी तो सोडला नव्हता.

"नाना, जिंकलो! पैसे परत देताहेत. फक्त इथे 'मान्य' दाबायचं."

नानांनी चष्मा लावला. "म्हणजे तक्रार बंद?"

"हो."

"लगेच?"

"लगेच."

ते स्क्रीनकडे बघत राहिले. "दुसरं बटण काय शे?"

"'समाधान झालेलं नाही.' पण नाना, सगळे देताहेत. बठ्ठा पैसा!"

मी अहिराणी बोलले की ते हमखास हसतात. या वेळी हसले नाहीत. माझं काय चुकलं, मला कळेना. सकाळचे नाना असोत की संध्याकाळचे, एका कोणाला तरी आनंद व्हायला हवा होता.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी मला हाताने गप्प राहायची खूण केली. वास्तविक मी गप्पच होते.

"हां बेटा... नाही गं, कसले पैसे! काही पत्ता नाही अजून... हो ना, एक नंबरचे लबाड... तू ओरड त्यांना. आणि उद्या कर फोन. उद्या सांगतो काय म्हणतात ते."

आवाजात माइक नव्हता.

मोबाइल माझ्या हातात होता. मी दुसरं बटण दाबलं. खाली कारणाची चौकट उघडली. इतक्या वर्षांच्या इंग्लिश मीडियममधलं एकही वाक्य आठवेना. शेवटी लिहिलं, 'सण अजून व्हायचा आहे.'

सणाचं पार्सल उशिरा पोचलं तर कंपन्यांनी पैसे परत द्यावेत की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुतेक द्यावेत. फक्त घाई करू नये.