दोन माणसं आणि बेताचं सामान

निसर्गाच्या सान्निध्यात जायचं तर निसर्ग अंगाला लागणार नाही याची तजवीज आधी करावी लागते, हे आता सर्वमान्य झालं आहे. चौकातल्या चष्मेवाल्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. लग्न जुनं झालं तरी दुकानाने त्यांना एक रविवार सोडला नव्हता. शेवटी बायकोने एकच मागणं केलं: दोन दिवस नदीवर जाऊ, होडी वल्हवू, काठावर तंबूत राहू आणि जरा बोलू. सदर मागणी चष्मेवाल्यांनी तत्काळ मंजूर केली आणि ती सुलभ व्हावी म्हणून खरेदीला लागले.

खरेदीत उधळेपणा अजिबात नव्हता. निमुळती होडी घेतली. ती पाण्यापर्यंत न्यायला दोन चाकांचा घडीचा गाडा घेतला. चाकांत हवा भरायला पंप, पंप भिजू नये म्हणून पाणी न शिरणारी पिशवी, आणि अशा पिशव्या वाढल्यावर त्या सगळ्या मावतील अशी मोठी पिशवी. शेगडी तर इतकी सुटसुटीत, की तिचं माहितीपत्रक तिच्याहून जड भरलं. (कॉफीची यंत्रं दोन घेतली. एक बिघडलं तर रानात माणसाने जायचं कुठे?) प्रत्येक वस्तू दुसऱ्या एखाद्या वस्तूचा त्रास वाचवत होती, त्यामुळे एकही वगळण्याजोगी नव्हती.

नदीवर पोचल्यावर असं निदर्शनास आलं, की होडी 'दोन माणसं आणि बेताचं सामान' एवढ्यापुरतीच आहे. चष्मेवाल्यांनी निःपक्षपातीपणे विचार केला. सामानातलं काहीही काढलं तर सहलीची सोय बिघडत होती. बायकोला काढलं तर कशाचंच अडत नव्हतं. तिने काठाकाठाने चालत यावं, संध्याकाळी तंबूपाशी भेट होईलच, असं त्यांनी प्रेमाने सुचवलं.

बायको रिकाम्या होडीत जाऊन बसली आणि वल्हं हातात घेतलं.

"मी निघाले," ती म्हणाली. "यायचं तर तुम्ही या. ते सगळं राहू दे."

तिच्याबरोबर जावं असं चष्मेवाल्यांना मनापासून वाटलं. एक पाय उचललासुद्धा.

"अगं, पण सामानाकडे कोण बघणार?"

होडी तोवर वळणाआड गेली होती.

दोन दिवस चष्मेवाले काठावर अत्यंत सोयीत राहिले. एकाही वस्तूने दगा दिला नाही. कॉफी दोन्ही यंत्रांतून उत्तम उतरली. (दुसरा कप रोज निवून गेला, पण तो यंत्राचा दोष नव्हे.) बायको परतली ती उन्हाने रापून, खुशीत. काय बोलायचं होतं, असं त्यांनी विचारलं, तर "झालं बोलून," म्हणाली. कुणाशी, ते सांगितलं नाही.

ही हकीकत आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांतल्या एकानेही ती बाई दोन दिवस एकटी कुठे झोपली, काय जेवली, हे विचारलेलं नाही. सगळ्यांनी सामान घेतलं त्या दुकानाचा पत्ता तेवढा मागितला. तो मिळणार नाही. तुम्हालाही नाही.