अण्णांच्या नकळत अण्णांना सोबत

झाशीत आजवर कोणाला जमलं नाही ते अनुपने जमवलं होतं! त्याने अनंतरावांना, म्हणजे आपल्या एक्याऐंशी वर्षांच्या वडिलांना, अण्णांना, त्यांच्या नकळत सोबत शोधली होती. ही बातमी त्याने बायकोला, मुग्धाला, इतक्या आनंदात सांगितली की तिला वाटलं, झाशीला बदली झाली!

बदलीच तर होत नव्हती. अनुपची बँक मऊरानीपुरात, अण्णा झाशीत एकटे, आणि घर सोडायला मुळीच तयार नाहीत. गेल्या महिन्यात बल्ब बदलताना पडले. "मी नाही पडलो, स्टूल पडलं," असं त्यांचं म्हणणं! तेव्हापासून सकाळी आठच्या फोनला दोन घंट्या जास्त वाजल्या, की अनुपचा जीव टांगणीला लागे. पण सोबतीला माणूस ठेवायचं नाव काढलं, की अण्णा भडकत. पहिल्या माणसाला त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. दुसऱ्याकडून पंखे पुसून घेतले, त्याची पाठ थोपटली, आणि मग वाटेला लावलं!

म्हणून ही नवी युक्ती. नीलकंठ मास्तर, निवृत्त, वय चौसष्ट, बोलायला गोड आणि घर मराठी. त्यांनी रोज चार वाजता जायचं आणि सांगायचं, "झाशीतल्या मराठी घराण्यांच्या वंशावळी गोळा करतोय." इथल्या जुन्या मराठी माणसाला खापरपणजोबांविषयी विचारलं, की तो दिवेलागणीपर्यंत खुर्चीतून उठत नाही. अण्णा खुर्चीत, मास्तर समोर, आणि अनुप निश्चिंत!

पहिल्या दिवशी मास्तरांचा फोन आला. "अनुप भैया, एकदम बढिया! पाच पिढ्या झाल्या. चिवडा पण झाला."

दुसऱ्या दिवशी, "सहाव्या पिढीत अडकलोय. एक चुलत शाखा सापडतच नाही. अण्णाजी बेचैन आहेत."

"बसून बेचैन आहेत ना?"

"बसूनच."

"मग उत्तम!"

तिसऱ्या दिवशी आठला अण्णांचा फोन नुसता वाजत राहिला. सव्वाआठला तेच, साडेआठला तेच!  अनुपने मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, अण्णा कुठे आहेत?"

"हे काय, माझ्या शेजारी, बसमध्ये! मला सकाळीच बोलावून घेतलं. ती चुलत शाखा चिरगाँवला आहे म्हणे. फोन घरीच विसरले!"

"अहो, त्यांना घरात बसवायचं होतं!"

"मी कसं नाही म्हणू, भैया? वंशावळ तर मलाच हवी आहे ना!"

चिरगाँवला शाखा नव्हती. तिथे कोणीतरी मऊरानीपूरचं नाव घेतलं. झालं! दुपारी साडेतीनला अनुपने काउंटरवरून मान वर केली, तर दारात अण्णा. दोन्ही हातांत पिशव्या, चेहरा टवटवीत! मागून गार्डच्या खांद्यावर हात टाकून लंगडत नीलकंठ मास्तर.

"बसमधून उतरताना पाय मुरगळला बिचाऱ्यांचा," अण्णा म्हणाले. मास्तरांना अनुपच्या खुर्चीत बसवून त्यांनी मुलाला बाजूला घेतलं.

"माणूस लाख आहे. चिवडा मन लावून खातो. पण अनुप, सोबत शोधायचीच होती, तर जरा दमदार शोधायची! हे दोन गावांत आटोपले."

"तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी! वंशावळ लिहायला आलेला माणूस वही न घेता येतो का रे?"

"मग हाकललं का नाही?"

अण्णा उगाच पिशवीची गाठ सोडू लागले. "चार वाजता कोणीतरी यायचं. बरं वाटायचं."

अनुपला भरून आलं. तो काही बोलणार, तेवढ्यात अण्णांनी गाठ पुन्हा मारली.

"आता मास्तरांचा पाय बरा होईपर्यंत तूच यायचं. शाखा इथेही नाही, ग्वाल्हेरला आहे म्हणे. रविवारी सहाची बस!"

त्या संध्याकाळी घरी आल्यावर अनुपने मुग्धाला एवढंच विचारलं, "बसमधून उतरताना आधी कोणता पाय टाकायचा असतो गं?"