काळी काच आणि मामाचा मान

एका जंगलात, मुलांनो, मार्तंड नावाचा एक सरडा राहत होता. कोणत्या जंगलात ते विचारू नका. तुमच्या गावाजवळच आहे म्हणालो तर तुम्ही शोधायला जाल आणि गृहपाठ माझ्या गळ्यात पडेल.

मार्तंड सकाळपासून कातळावर पडून ऊन खायचा. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. फक्त आनंद झाला की तो पोपटी व्हायचा, लाज वाटली की तांबूस व्हायचा आणि भीती वाटली की थेट दगडाच्या रंगाचा होऊन दिसेनासाच व्हायचा. त्यामुळे त्याच्या मनात काय चाललंय ते सगळ्या जंगलाला कळायचं. ज्याच्या मनातलं सगळ्यांना कळतं त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. असं का, ते मलाही अजून समजलेलं नाही.

या मार्तंडचं केवडा नावाच्या सापसुरळीवर प्रेम बसलं. सापसुरळी म्हणजे सरड्याचीच लांबची भावकी, फक्त अंगाने तुळतुळीत. केवडालाही मार्तंड फार आवडायचा, त्यातही सकाळचा पोपटी. अडचण होती ती तिच्या वडिलांची. त्यांचं नाव अप्पाजी. त्यांच्या खांद्यावर कायम एक खळ दिलेलं पांढरंशुभ्र उपरणं असायचं आणि त्यावर आजवर एक डाग पडलेला नव्हता. हे ते स्वतःच सांगायचे.

"रंग बदलणाऱ्याच्या घरात मी मुलगी देणार नाही," अप्पाजी म्हणाले.

"पण मी मनाने बदलत नाही," मार्तंड म्हणाला.

"हे बघ, बोलता बोलता तांबूस झालास."

"ते तुमच्यासमोर उभं राहिल्यामुळे."

अप्पाजींनी उपरणं झटकलं. "ज्याच्या अंगावरचे डाग बदलतात आणि तरीही लोक ज्याला हात जोडतात, असा एक तरी प्रतिष्ठित मला दाखव. रविवारपर्यंत मुदत. नाहीतर सोमवारी कासवाशी सुपारी फोडतो. त्यांच्या घरात पणजोबांपासून पाठीचा रंग एकच आहे."

मार्तंड घरी आला तेव्हा त्याला कुठलाच रंग उरला नव्हता.

त्याच्या कातळाखाली चिचुंद्रीकाकू राहत होत्या. काकूंची नजर अगदी अधू. लांबचं काहीच दिसायचं नाही, म्हणून त्या सूर्यसुद्धा जवळ आणून बघायच्या. एक हातभर लांबीची दुर्बीण त्यांनी फांदीला बांधली होती. तिचं एक टोक सूर्याकडे आणि दुसऱ्या टोकासमोर पांढरा कागद. कागदावर बशीएवढा सूर्य पडायचा. काकू खऱ्या सूर्याकडे पाठ करायच्या आणि कागदाला नाक टेकवून बसायच्या.

"प्रतिष्ठित हवाय ना?" काकू म्हणाल्या. "मग सूर्य दाखव. त्याच्या अंगावर डाग असतात. आज इथे, उद्या तिथे. काही तर चार दिवसांत पुसून जातात."

"आणि सगळे त्याला रोज हात जोडतात," मार्तंड म्हणाला आणि शेंड्यापासून शेपटीपर्यंत पोपटी झाला.

"माझी दुर्बीण घेऊन जा. सूर्याला लहानच पुरते. मोठी लागते ती मिणमिणत्या ताऱ्यांना. सूर्याकडे काय उजेडाचा तुटवडा आहे? फक्त नळीत डोळा घालायचा नाही. घालायचाच असेल तर काळी गाळणी नळीच्या पुढच्या तोंडावर हवी, ऊन आत शिरायच्या आधी. चहा आधी गाळतात, मग पितात. गाळणी जिभेवर ठेवून कुणी चहा पितं का?"

मार्तंडने त्या दुर्बिणीकडे बघितलं. ही मुलीच्या वडिलांसमोर मांडायची? एवढीशी? आणि सूर्याला अर्घ्य देणाऱ्या वडीलधाऱ्या माणसांना सूर्याकडे पाठ करून बसवायचं?

"बघतो, काकू," तो म्हणाला. मुलांनो, मोठी माणसं 'बघतो' म्हणाली की तिथे बघणं संपतं. तुमच्या सायकलीच्या वेळी हा अनुभव तुम्हाला आलाच असेल.

मग मार्तंड भर दुपारी घुबडशास्त्रींच्या ढोलीत गेला. शास्त्रीबुवा आकाश निरीक्षण मंडळाचे अध्यक्ष होते. डोळे भले मोठे असल्याने त्यांची निवड बिनविरोध झाली होती. मार्तंडने त्यांना गदागदा हलवून उठवलं आणि सूर्य बघायला पहिली दुर्बीण कोणती घ्यावी ते विचारलं.

"पहिली दुर्बीण का? सर्वांत मोठी घे," शास्त्रीबुवा डोळे मिटूनच म्हणाले. "माझा हा आयुष्यभराचा अनुभव आहे."

"आपण सूर्य किती वेळा बघितलाय?"

"त्या वेळी मी झोपलेला असतो. पण अभ्यास आहे." आणि ते घोरू लागले.

एवढा मोठा माणूस एवढ्या खात्रीने बोलल्यावर मार्तंडला शंका उरली नाही. तो तडक काकशेठच्या दुकानात गेला.

काकशेठ हा कावळा. जंगलात दुर्बिणी विकणारा तो एकटाच आणि त्याला डोळाही एकच. दुसरा कसा गेला हे कुणी विचारत नसे. गिऱ्हाइकांना उलट बरं वाटायचं. दुर्बिणीला एकच डोळा लागतो, म्हणजे हा माणूस धंद्यात पूर्ण उतरलेला दिसतो, असं ते म्हणायचे.

काकशेठने केळीच्या खोडाएवढी एक दुर्बीण बाहेर काढली. तिच्या पाठीवर नेम धरायला आणखी एक छोटी नळी होती.

"सहाशे पट मोठं दिसतं," काकशेठ म्हणाला.

"सूर्य सहाशे पट झाला तर आत मावेल?"

"नळी रुंद आहे."

"आणि डोळ्यांना काही त्रास?"

काकशेठने एक वाटोळी काळी काच काढली. "ही सोबत फुकट. डोळा लावायच्या टोकाला फिरवून बसवायची. बघा, डोळ्याच्या अगदी जवळ. संरक्षण जितकं जवळ तितकं बरं."

फुकट हा शब्द ऐकून शहाण्याशहाण्यांची बुद्धी गहाण पडते, मार्तंड तर प्रेमात होता. किंमत मी सांगत नाही. तुमचे वडील पलीकडून ऐकत असतील तर ही गोष्ट इथेच बंद करतील.

रविवार उजाडला. कातळावर सगळं जंगल गोळा झालं. दुर्बीण तिवईवर चढली. काकशेठने तिचं तोंड सूर्याकडे वळवलं, झाकणं काढली आणि काळी काच फिरवून बसवली. घुबडशास्त्री अध्यक्षस्थानी झोपले होते. केवडा आईच्या मागून बघत होती. मार्तंड एकाच वेळी पोपटी आणि तांबूस होत होता आणि ते काही फारसं शोभत नव्हतं.

"अप्पाजी, पहिला मान आपला," तो म्हणाला.

अप्पाजी उठले. उपरणं सावरून ते दुर्बिणीकडे निघाले. डोळा लावायला चार पावलं उरली होती.

"चालू द्या," मागून आवाज आला. "मुलीच्या मामाला कोण विचारतंय."

हे घोरपडमामा. केवडाच्या आईचे भाऊ. अंगाने दांडगे, डोक्याला गुलाबी फेटा. एकदा पकडलेली गोष्ट न सोडण्याबद्दल ते पंचक्रोशीत प्रसिद्ध होते.

"बसा हो, तुमचाही नंबर येईल," अप्पाजी म्हणाले.

"भाचीच्या लग्नात नंबर? मामाचा मान पहिला असतो."

"अजून लग्न ठरलेलं नाही."

"म्हणून तर आत्ता मागतोय. ठरल्यावर तुम्ही कसला देताय? तुमच्या लग्नात मला दिलेला लाडू फुटका होता."

"त्याला तीस वर्षं झाली."

"लाडू अजून फुटकाच आहे."

इकडे दुर्बीण सूर्याकडे तोंड करून उभी होती आणि ऊन पीत होती. पाठीवरच्या छोट्या नळीतून उन्हाचा एक बारीक ठिपका निघाला आणि पुढे सरसावलेल्या मामांच्या फेट्यावर बसला. थोड्या वेळाने फेट्यातून धूर आला.

"फेटा जाळलात," मामा म्हणाले. "आता मात्र हद्द झाली." आणि त्यांनी अप्पाजींच्या उपरण्याचं एक टोक धरलं.

अप्पाजींनी दुसरं टोक सोडलं नाही. दोघे दुर्बिणीच्या मागे समोरासमोर उभे राहून ओढू लागले. उपरणं पापडासारखं ताणलं गेलं. मार्तंड दगडाच्या रंगाचा होऊन दिसेनासा झाला. आपलं लग्न मोडलं, हे त्याला स्पष्ट कळलं होतं. त्याला रडू येत होतं, पण रडायला आधी दिसावं लागतं.

तेवढ्यात 'फट्ट' असा आवाज झाला.

ती फुकटची काळी काच तापून तापून तडकली होती. तिचे दोन तुकडे उडून खाली पडले. तिथे तेव्हा कुणाचाही डोळा नव्हता. असायला हवा होता तो अप्पाजींचा, आणि अप्पाजी लाडवाचा हिशेब देत होते.

काच गेल्यावर दुर्बिणीतून उजेडाचा झोत बाहेर आला आणि मधल्या ताणलेल्या उपरण्यावर पडला. तिथे परातीएवढा पांढरा गोल उमटला. गोलात तीन काळे ठिपके होते.

"माझ्या उपरण्याला डाग," अप्पाजी कळवळले. ते झटकायला निघाले.

"अप्पा, सोडू नका. मामा, तुम्हीही ओढत राहा," केवडा म्हणाली. ती आईच्या मागून पुढे आली होती. "तो डाग उपरण्याचा नाही. सूर्याचा आहे."

चिचुंद्रीकाकू गर्दीतून वाट काढत आल्या. त्यांनी उपरण्याला नाक टेकवलं. "दोन मोठे, एक बारीक," त्या म्हणाल्या. "कालपेक्षा थोडे सरकलेत. आणि मंडळी, कुणीही त्या नळीत डोळा घालू नका. त्या काचेचं काय झालं ते बघा."

सगळ्यांनी आधी काचेच्या तुकड्यांकडे बघितलं. मग अप्पाजींच्या डोळ्यांकडे. अप्पाजी एकदम खाली बसले. उपरणं मात्र त्यांनी सोडलं नाही, कारण मामांनीही सोडलं नव्हतं.

पाणी प्यायल्यावर अप्पाजींना कंठ फुटला. "डाग आहेत हे मान्य. पण ते बदलतात कशावरून? त्यासाठी रोज बघावं लागेल, आणि उद्या तर कासवाशी सुपारी आहे."

सोमवारी कासव आलं नाही. मंगळवारीही आलं नाही. ते निघालेलं आहे, एवढाच निरोप मिळाला.

म्हणून अप्पाजी रोज सकाळी काकूंच्या हातभर दुर्बिणीमागे उपरणं धरून बसू लागले, सूर्याकडे पाठ करून. दुसरं टोक धरायला मामा होतेच. केवडा काजळाच्या बोटाने डाग टिपून ठेवायची. उपरण्यावर आयुष्यातला पहिला डाग अप्पाजींनी स्वतःच्या मुलीकडून पाडून घेतला. मार्तंड रोज सर्वांच्या आधी येऊन फांदी सरळ करायचा आणि तिच्याखाली टेकूला दगड सारायचा. शुक्रवारी दोन ठिपके कडेला सरकले होते आणि तिसरा दिसेना.

अप्पाजींनी ठिपके पुन्हा मोजले.

"म्हणजे हासुद्धा बदलतो," ते शेवटी म्हणाले. "पण उगवायला एक दिवस चुकत नाही." त्यांनी वाटेकडे बघितलं. वाट रिकामी होती. "ज्याचा रंग बदलत नाही तो पाच दिवस झाले तरी येतोच आहे. आणि बदलतो तो रोज माझ्या आधी इथे असतो."

मग ते मार्तंडकडे वळले. "जावईबापू, बसा. तुम्ही असे उभे का?"

मार्तंड त्या दिवशी असा पोपटी झाला की शेजारच्या झाडाला पालवी फुटली असं समजून एक शेळी त्याच्याकडे धावून आली.

लग्न थाटात झालं. मामांना आख्खा लाडू मिळाला. मग अप्पाजींना तो आपल्या लाडवापेक्षा मोठा वाटला आणि पंगत तासभर थांबली. कासव बारशाला पोचलं आणि त्याने आहेर आणला होता, हे सांगायला हवं.

आता तुम्ही म्हणाल, त्यानंतर जंगलात सगळ्यांनी काकूंसारखी लहान दुर्बीण घेतली असेल. मुलांनो, तुम्ही खरंच लहान आहात. जिने लग्न जुळवलं ती केळीच्या खोडाएवढी दुर्बीण लोकांना शुभ वाटली. काकशेठच्या दुकानासमोर रांग लागली. प्रत्येकाला तशीच हवी होती, काळ्या काचेसकट. काकूंना हे बघवेना. त्या रांग ओलांडून पुढे गेल्या.

"काकशेठ, तुमचा तो डोळा कसा गेला हो?" त्यांनी विचारलं.

"याच काचेतून सूर्य बघत होतो," काकशेठ म्हणाला.

"आणि तुमच्याकडे भांडण नाही झालं?"

"कुणाशी होणार? मी एकटाच राहतो."

काकूंना त्याची दया आली. "मग हीच काच लोकांना का देता?"

"एक डोळा शाबूत आहे ना माझा?" काकशेठ म्हणाला. "म्हणजे काच निम्मी तरी चांगली आहे. चला, पुढचं गिऱ्हाईक."

तात्पर्य : सूर्य बघायला पहिली दुर्बीण केवढी घ्यावी, याची फार चिंता करू नये. ज्याला घरात जाणकाराचं ऐकायची सवय नाही, त्याने सोबत दोन मानी नातेवाईक जरूर न्यावेत. आणि ज्याला नातेवाईकच नाहीत, त्या बिचाऱ्याने जाणकाराचं ऐकावं.