थान रुईफेनचा पहिला प्रयत्न

हुनान प्रांतातल्या एका स्पर्धेत वेटलिफ्टर थान रुईफेनने पहिल्याच प्रयत्नात एकशे सतरा किलो डोक्यावर उचलले, आणि मुख्य पंचांनी खाली ठेवायची खूण न केल्यामुळे पुढची अकरा वर्षं ते तसेच धरून ठेवले.

नियम साधा होता. खेळाडू पूर्ण स्थिर झाली की मुख्य पंच हात खाली करतात. त्याआधी बार खाली आला तर प्रयत्न बाद. मुख्य पंच हान चोंगयी काटेकोर गृहस्थ होते. रुईफेनचं काहीतरी हलतंय, असं त्यांना दिसत होतं. काय, ते सांगणं म्हणजे खेळाडूला मदत करणं, म्हणून ते बोलत नव्हते.

संध्याकाळी सभागृह रिकामं करायची वेळ झाली, तेव्हा समितीने ठरवलं की प्रयत्न चालू असताना खेळाडूने जागा सोडायला हरकत नाही, फक्त पंचांची नजर सुटता कामा नये. चालताना ती हलणारच, पण तेव्हा ती स्थिर असल्याचा दावा कुठे करत होती?

तेव्हापासून रुईफेन जाईल तिथे हानसाहेबांची खुर्ची जाऊ लागली. बार आगगाडीच्या दारातून शिरत नसे, म्हणून तिघं कोबीच्या उघड्या ट्रकमधून गावोगावच्या स्पर्धांना जात. तिसरी तिची आई. ती लेकीला नूडल्स भरवायची, तिचे केस विंचरायची, नाक खाजवून द्यायची.

प्रत्येक स्पर्धेत तोच प्रयत्न धरला जाई. कुणी तेवढंच वजन उचललं की दोन कर्मचारी स्टुलांवर चढून रुईफेनच्या बारला दोन्हीकडून अर्धा-अर्धा किलो जोडत. अशी ती दरवर्षी विजेती ठरली. नावापुढे मात्र ‘निकाल प्रलंबित’ असंच लिहिलं जाई.

“टाकून दे गं,” आई म्हणायची. “अजून दोन प्रयत्न आहेत की तुझे.”

“टाकलं तर काय हलत होतं ते कधीच कळायचं नाही, आई.”

रुईफेनला त्याचंच कुतूहल होतं. गुडघा असेल? करंगळी? घरची आठवण आली की काहीतरी हलत असेल, असं तिला एकदा वाटलं. मग एक अख्खा हिवाळा तिने घर आठवलंच नाही. त्याने काही फरक पडला नाही.

अकराव्या वर्षी हानसाहेब निवृत्तीला आले. आईने समितीचं डोकं खाऊन शेवटी त्यांना विचारायची परवानगी मिळवली. पंचांनी एका वाक्यात उत्तर द्यावं, असं ठरलं.

“हानसाहेब, आता तरी सांगा,” ती त्यांच्या खुर्चीशी येऊन म्हणाली. “माझ्या लेकीचं काय हलतंय?”

“डाव्या डोळ्याखाली तांदळाच्या दाण्याएवढी जागा थरथरते.” नजर न हलवता ते म्हणाले. मग जरा थांबून, “अकरा वर्षांत मी दुसरं काही पाहिलेलं नाही, बाई.”

“हे दुसरं वाक्य झालं,” समितीचे सचिव म्हणाले.

रुईफेनने ऐकलं. इतकी लहान जागा आपल्याकडे आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. तिने हळूच सगळं लक्ष तिथे नेलं. खरंच, तिथे काहीतरी फडफडत होतं. कशाला घाबरलंय हे, असं तिला वाटलं, आणि ती नुसती त्याच्यापाशी थांबून राहिली. थोड्या वेळाने ते निवलं.

हानसाहेब पुढे झुकले. त्यांनी बराच वेळ खात्री केली आणि हात खाली आणला.

“खाली!”

बार धाडकन पडला. प्रयत्न मान्य झाल्याचे तिन्ही पांढरे दिवे लागले. रुईफेनने आधी स्वतःचं नाक मनसोक्त खाजवलं. मग तळवे तोंडासमोर धरून, कुणा परक्याचे असावेत तसे उलटसुलट पाहिले. आई पदकाची पेटी कुठे आहे ते विचारत फिरत होती. हानसाहेबांनी दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले होते.

“थान रुईफेन,” निवेदकाने पुकारलं, “पहिला प्रयत्न वैध. दुसऱ्या प्रयत्नासाठी दोन मिनिटं.”

रुईफेनने हातांना पांढरी पूड चोळली आणि बारला एक किलो वाढवायला सांगितलं.