नैसर्गिक संभाषण

मुलीला अभ्यासात मदत करायची, हा निर्णय मी घेतला तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होतो. (पबमध्ये मी फक्त शुक्रवारी जातो, आणि ही गोष्ट रविवारची आहे.)

आमची बेथनी सिक्स्थ फॉर्मला आहे, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत. विषय घेतलाय इंग्लिश भाषा. "इंग्लिश? ते तर तुला येतंच की!" असं मी सुरुवातीलाच बोलून गेलो, आणि तेव्हापासून तिने मला अभ्यासातलं काही सांगणं बंद केलं. पुढे कळलं की या विषयात माणसं खरोखर कशी बोलतात ते रेकॉर्ड करायचं आणि मग त्यातला प्रत्येक 'अं', प्रत्येक 'हं', प्रत्येक खोकला कागदावर उतरवायचा. बेथनीचा प्रकल्प होता, जेवणाच्या टेबलावर कोण कोणाचं बोलणं तोडतं. आमच्या घरात याला कच्च्या मालाचा तुटवडा नाही. दर रविवारी माझ्या सासूबाई डोरीन आमच्याकडे रोस्ट, म्हणजे भाजलेलं मांस, जेवायला येतात.

नियम सोपे होते. सगळ्यांची परवानगी घ्यायची, फोन टेबलावर ठेवायचा आणि तो आहे हे विसरून जायचं. नंतर एकानेही नको म्हटलं, तर सगळं पुसून टाकायचं.

मी विसरू शकलो नाही. मी उत्तर इंग्लंडातल्या बोल्टनचा साधा माणूस, नगर कौन्सिलच्या पार्किंग खात्यात कारकून; पण त्या पहिल्या रविवारी माझ्या तोंडून रेडिओवरचा बातम्या देणारा बोलायला लागला.

"ट्रेसी, कृपया ती गाजरं इकडे देशील का?"

बायकोला ठसका लागला. "कृपया? कीथ, बरं नाही का वाटत तुला?"

"आज हवा आल्हाददायक आहे, नाही का डोरीन?"

"पाऊस पडतोय," सासूबाई म्हणाल्या. नंतर सगळे मुकाट्याने जेवले.

त्या संध्याकाळी बेथनी जिन्यात बसून रडत होती. पुढच्या आठवड्यातल्या सोमवारपर्यंत शाळेतल्या बाईंना नैसर्गिक संभाषण दाखवता आलं नाही, तर तिला साबणाच्या जाहिरातींवर लिहावं लागणार होतं.

"मला जाहिराती नकोत, डॅड. मम आणि आजी बोलतात ना, तसं जगात कोणी बोलत नाही. मला तेच हवंय."

पोरीचे डोळे पाहून मला भरून आलं. मी मनाशी ठरवलं, संभाषण नैसर्गिक होत नसेल तर मी करीन. आमच्या घरात सगळ्यात नैसर्गिक म्हणजे भांडण. पुढच्या रविवारी तेच लावून द्यायचं.

रविवार उजाडला. फोन टेबलावर. मी पहिली काडी टाकली. "ग्रेव्ही पातळ झालीये."

ट्रेसी आईला म्हणाली, "बरं, मग ती शेजारीण काय म्हणाली?"

"रोस्टसुद्धा जरा चिवट आहे!" मी आवाज चढवला.

"म्हणाली, कुंपण माझं नाहीच," सासूबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, बाई गं—"

"तू असं म्हणालीस तिला?"

मी गाडीचा विषय काढला, सुट्टीचा काढला, शेवटी राजकारणाचाही काढला. कोणी ढुंकून पाहिलं नाही. इतक्या काड्या टाकून एक ठिणगी पडेना. वैतागून मी स्वयंपाकघरात गेलो, आणि आता काहीतरी घरगुती, सहज बोलावं म्हणून दारातून विचारलं, "आणखी यॉर्कशर पुडिंग टाकू का ओव्हनमध्ये?"

विचारायला हरकत नव्हती. फक्त माझ्या हातात फ्रीझरमधली पिशवी होती, विकतच्या तयार पुडिंगची.

सासूबाई मूळच्या यॉर्कशरच्या, जिथे रोस्टबरोबरचं हे पिठा-अंड्याचं फुगीर पुडिंग घरीच करायचं असतं. आणि ट्रेसी लग्नापासून त्यांना ही पुडिंगं स्वतःच्या हातची म्हणून वाढत आली आहे. पिशवी माझ्या हातात कुरकुर वाजत होती.

"ट्रेसी," सासूबाई म्हणाल्या. "ते काय आहे?"

"मम, ऐक—"

"पिशवी? माझ्या मुलीच्या घरात पिशवीतलं पुडिंग?"

"मग तुझी ग्रेव्ही कुठली गं? डब्यातले तयार ग्रेव्हीचे दाणे गरम पाण्यात ढवळतेस ते काय—"

"दाण्यांत मी रस घालते मांसाचा!"

"हो, दिसतो तो रस!"

"हे बघा, दोघींचंही थोडं थोडं बरोबर—" मी.

"कौतुक करत होते मी! चर्चमध्ये सांगत होते सगळ्यांना!"

"म्हणून तर खरं सांगता येईना ना!"

"आपण शांतपणे—" मी.

बेथनीचा चेहरा उजळला होता. पण सासूबाईंनी कोट चढवला आणि फोनकडे बोट दाखवलं. "हे शाळेत जाणार नाही. पूस ते."

नियम होता. बेथनीने फोन उचलला आणि पुसायच्या बटणावर अंगठा नेला.

"डोरीन, चूक माझी आहे," मी म्हणालो. "पोरीला शिक्षा नको."

सासूबाईंनी नातीकडे पाहिलं, मग कोटाचं एक बटण सोडलं. "नाव येणार नाही ना माझं?"

"नाही आजी. तू नुसती 'वक्ता अ'."

"मग ठेव. मायलेकी भांडतात, त्यात लाजायचं काय? पण या कीथची मधली भाषणं काढून टाक. शाळेला वाटेल आमच्याकडे असली माणसं आहेत."

ट्रेसी फसकन हसली, मग सासूबाईही. त्यांनी दोन पुडिंगं आणखी मागितली. (पिशवीतलीच.)

बाईंना ते संभाषण इतकं आवडलं की त्यांनी वर्गासमोर ठेवलं. बेथनी नाचतच घरी आली. मीही खूश झालो. पण माणूस आहे, मनाला लागलं होतंच. तिला म्हटलं, "माझं सगळं काढल्यावर संभाषण तुटक वाटलं असेल ना?"

"नाही रे डॅड," ती मायेने माझा हात थोपटत म्हणाली. "तुझ्या एकाही वाक्याला कोणी उत्तरच दिलं नव्हतं. पिशवीचा आवाज तेवढा ठेवलाय."